वर्ध्याचें मगन-संग्रहालय

चांदूर रेल्वे या गांवाच्या नांवांतच आगगाडी आहे. अमरावती जिल्ह्यांत चांदूर नांवाचीं दोन गांवें. एक बाजाराचें व दुसरें रेल्वेचें. मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर बडनेऱ्याच्या पूर्वेस जें लागतें, तें चांदूर रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा हा मार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे त्यांचे डोळे लागले होते. तेव्हां हा मार्ग प्रवाशांइतकाच, किंबहुना कांकणभर अधिक, कापसासाठीं झाला असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. त्या काळापासून आजतागायत या भागाचा क्रम एकच आहे. कापूस वेचावा, सरकी काढावी, रुईच्या गांठी बांधाव्या व त्या बाहेरगांवीं धाडाव्या. सूत दुसरीकडे निघतें, कापड तिसरीकडे विणलें जातें आणि तेंच कापड चांदूरच्या दुकानांत विकावयास येतें.

हा क्रम उलटा फिरवितां येईल काय, या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयोग चांदूरपासून साठ-सत्तर किलोमीटरांवर झाला. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे धामणगांव लागतें, पुढें वर्धा नदी ओलांडली कीं वऱ्हाड संपतें, मग पुलगांव आणि त्यानंतर वर्धा. येथें उतरणारा पाहुणा बहुधा सेवाग्रामची वाट धरतो. बापू-कुटी पाहिली, पवनारास जाऊन विनोबांचा आश्रम पाहिला, म्हणजे यात्रा पुरी झाली असें समजून तो परततो. वर्धा शहरांतच मगनवाडी नांवाची जागा आहे व तेथें मगन-संग्रहालय आहे, याची पुष्कळांस वार्ताही नसते. ही उपेक्षा अनाठायीं आहे. सेवाग्रामला गांधीजींचें राहणें दिसतें; मगनवाडींत त्यांचें अर्थशास्त्र दिसतें, आणि तेंही ग्रंथांत नव्हे, तर लांकूड, लोखंड, कापूस व तेल यांत.

संग्रहालय म्हटलें म्हणजे कांचेचीं कपाटें, त्यांत चिठ्ठ्या लावलेल्या मूर्ति व नाणीं, आणि दारावर पेंगणारा पहारेकरी असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु लोकांच्या राहणीचें व हस्तव्यवसायाचें संग्रहालय ही वेगळीच जात आहे. तिचा आरंभ युरोपांत झाला. स्वीडन देशांतील आर्तुर हाझेलियुस या गृहस्थानें १८९१ सालीं स्टॉकहोम नगरींत स्कान्सेन नांवाच्या टेकडीवर जुनीं शेतघरें, गिरण्या व कारागिरांच्या झोपड्या मूळ जागेवरून उकलून आणून पुन्हां उभ्या केल्या. आगगाडी व कारखाने यांच्या रेट्यानें खेडेगांवाचें जीवन झपाट्यानें पालटत होतें. तें समूळ नाहींसें होण्यापूर्वीं त्याची वस्ती कोठें तरी जपून ठेवावी, हा हेतु. तेथील घरांत त्या त्या प्रांताचा पोषाख घातलेलीं माणसें वावरतात आणि कारागीर पाहुण्यांसमोर कांच फुंकतात, भाकरी भाजतात. ही कल्पना पुढें जगभर पसरली.

तिचें अगदीं अलीकडचें व भपकेदार रूप उझबेकिस्तानांत पाहावयास मिळतें. समरकंद शहराजवळ २०२२ सालीं ‘शाश्वत नगर’ या अर्थाच्या नांवाचें एक उद्यान उघडण्यांत आलें. जुन्या मध्य आशियाई शहरांच्या धर्तीवर तेथें गल्ल्या, घुमट, चौक व कारंजीं बांधलीं आहेत, आणि दुकानांतून कुंभार, विणकर, भरतकाम करणाऱ्या स्त्रिया, लांकडावर नक्षी कोरणारे आपापलें काम करीत बसतात. ही सारी वास्तु नवी आहे. जुनें तेवढें कारागिराच्या हातांतलें ज्ञान. त्या देशाचें ‘अब्र’ कापड प्रसिद्ध आहे. अब्र म्हणजे ढग. ताण्याचे धागे विणण्यापूर्वींच जागोजाग बांधून रंगवितात, त्यामुळें विणल्यावर रंगांच्या कडा ढगासारख्या विरघळलेल्या दिसतात. त्यांतील ‘अद्रस’ या प्रकारांत ताणा रेशमाचा व बाणा सुताचा असतो. महाराष्ट्रीय वाचकास हें ऐकून औरंगाबादच्या मशरूची आठवण व्हावी. तेथेंही रेशीम वर आणि सूत अंगाकडे अशीच वीण आहे. ही सारखी चाल कोण्या एका वाटेनें आली असें ठासून सांगणें धाडसाचें होईल, परंतु दक्षिणेंत आणि त्या प्रदेशांत माणसांची ये-जा होती हें निश्चित. औरंगाबादेस ज्यांच्या नांवानें पाणचक्कीचा दर्गा आहे, ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या घिज्दुवान गांवचे, आणि निजामाच्या घराण्याचा मूळ पुरुष समरकंद-बुखाऱ्याकडून आलेला. त्याच घराण्याच्या पहिल्या निजामानें १७२४ सालीं वऱ्हाडांतील साखरखेर्डा येथें मुबारिजखानाचा पराभव करून दक्षिणेचें राज्य मिळविलें.

महाराष्ट्रांतही अशीं स्थळें आहेत. कोल्हापुराजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठाच्या आवारांत गांवगाड्याचें मोठें शिल्पसंग्रहालय आहे. नांगरणारा कुणबी, ऐरणीवरचा लोहार, चाकावरचा कुंभार, हजामत करणारा न्हावी अशा माणसांएवढ्या मूर्ति तेथें शेतांत, ओसरींत मांडल्या आहेत आणि शहरांतील मुलें त्या पाहून हरखून जातात. भोपाळचें मानव-संग्रहालय याहून निराळें. तेथें शामला टेकडीवर ज्या त्या जमातीच्या माणसांनीं स्वतः येऊन आपापलीं घरें बांधलीं आहेत.

येथें एक कडवट गोष्ट सांगणें प्राप्त आहे. गांवगाड्याचीं अशीं चित्रें पाहतांना प्रत्येक बलुतेदार हंसतमुख दिसतो. वस्तुतः ज्या व्यवस्थेनें लोहाराचा मुलगा लोहार व चांभाराचा मुलगा चांभार ठेवला, तिनेंच कित्येकांस गांवाबाहेर ठेवलें. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना-समितींत खेड्यांच्या गुणगानाची जी हजेरी घेतली, ती याच अनुभवाच्या जोरावर. तेव्हां हस्तव्यवसायाचें संग्रहालय पाहतांना दोन प्रश्न विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. हें काम करणाऱ्यास त्यांत पोट भरतें काय? आणि तें काम त्यानें स्वेच्छेनें धरलें आहे काय? पुतळ्यास हे प्रश्न विचारतां येत नाहींत. मगन-संग्रहालयाचें वेगळेपण असें कीं, तें मुळांत याच प्रश्नांसाठीं निघालें.

संग्रहालयास ज्यांचें नांव आहे ते मगनलाल गांधी हे महात्माजींचे नात्यानें पुतणे. १९०३ सालीं ते त्यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेंत गेले, आणि तेथील लढ्यास नांव सुचविण्याची स्पर्धा लागली तेव्हां ‘सदाग्रह’ हा शब्द त्यांनींच सुचविला. त्यावरूनच पुढें ‘सत्याग्रह’ झाला. पण त्यांची खरी कामगिरी साबरमतीची. हिंदुस्थानांत परत आल्यावर आश्रमांत चरखा फिरवूं शकणारें एकही माणूस नव्हतें, ही आज नवल वाटणारी गोष्ट आहे. गंगाबेन मजमुदार या बाईंनीं बडोदें संस्थानांतील विजापुरास अडगळींत पडलेले चरखे शोधून काढले, आणि त्यांत सुधारणा करणें, कांतणें-पिंजणें यांचें शास्त्र बसविणें, मुलांस शिकविणें हें सारें मगनलालांनीं अंगावर घेतलें. १९२८ च्या एप्रिलमध्यें पाटण्यास त्यांचा अकालीं अंत झाला.

१९३४ सालीं गांधीजी वर्ध्यास राहावयास आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यासाठीं जमनालाल बजाज यांनीं आपली बाग व घर दिलें, आणि त्या जागेस मगनवाडी हें नांव पडलें. जमनालालजी हे कापसाच्या पेठेंतील बडे व्यापारी. त्यांच्याच बागेंत गिरणीवांचून कापूस कसा नांदेल याचे प्रयोग व्हावेत, यांत मौज आहे. गांधीजी स्वतः १९३६ च्या एप्रिलअखेर शेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामीं, जाईपर्यंत येथेंच राहत असत. संघाचे अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडील ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले कुमारप्पा लंडनास हिशेब-तपासनीस झालेले, अमेरिकेंत अर्थशास्त्र शिकलेले. त्यामुळें ग्रामोद्योगाकडे पाहण्याची त्यांची दृष्टि भाविकाची नव्हती, जमाखर्चाची होती. एक मण शेंग घाण्यावर गाळली तर तेल किती, पेंड किती, ती कोणाच्या गुरांनीं खाल्ली, आणि पैसा कोणत्या गांवांत राहिला, हें ते मांडून दाखवीत. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें मगन-संग्रहालय उघडलें, तें हा जमाखर्च डोळ्यांस दिसावा म्हणून.

येथें अर्थातच पहिला मान कापसाचा. कापसाच्या बोंडापासून कापडापर्यंतची वाट अवजारांच्या रूपानें दिसूं लागली म्हणजे गिरणीच्या धुराड्याखालीं काय काय दडलें होतें याचा उलगडा होतो. पहिलें काम सरकी वेगळी करण्याचें. लहान प्रमाणावर तें एका पाटावर लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवूनही होतें. अधिक कापूस असल्यास दोन रुळांचा हातरेचा. मग पिंजण. धनुकलीच्या तांतेच्या टणत्कारानें रुईचे तंतु सुटे होतात, आणि त्या फुगलेल्या रुईचे बोटाएवढे पेळू वळतात. पेळवापासून टकळीवर किंवा चरख्यावर सूत निघतें. सूत काढणें म्हणजे दोनच क्रिया. तंतु ओढून लांबविणें व त्यांस पीळ देणें. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत त्या दोहोंचा तोल राहिला तर धागा, नाहीं तर गांठ किंवा तुकडा.

या ठिकाणीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. दूर पाठवावयाचा कापूस यंत्रानें दाबून त्याच्या दगडासारख्या गांठी कराव्या लागतात, कारण आगगाडी व आगबोट यांत जागेचें भाडें असतें. ज्या तंतूंस निसर्गानें मोकळें व लवचिक ठेवलें, त्यांस आधीं चिरडावयाचें आणि मग गिरणींत तीच गांठ फोडून, झोडून पुन्हां मोकळी करावयाची. शेताजवळ कांतावयाचें झाल्यास हा सारा खटाटोप वांचतो व तंतूची ताकद शाबूत राहते. गांवराणी कापसाचे तंतु आंखूड. वेगानें फिरणाऱ्या यंत्रास ते परवडत नाहींत, म्हणून बाजारांत त्यांची किंमत उतरली आणि लांब धाग्याच्या अमेरिकन जातींनीं शेतें व्यापलीं. हातास मात्र आंखूड धागाही चालतो. म्हणजे कोणता कापूस चांगला, हें बऱ्याच अंशीं कोणतें यंत्र हाताशीं आहे यावर ठरतें.

संग्रहालयांत चरखे नानाविध आहेत, आणि ते क्रमानें पाहिले तर एका तपाच्या धडपडीचा इतिहास वाचतां येतो. मोठ्या चाकाचा उभा जुना रहाट; पेटींत मिटून प्रवासांत नेण्याजोगा येरवडा चरखा, जो गांधीजींनीं तुरुंगांत असतांना सिद्ध केला; आणि पायानें चाक फिरवून दोन्ही हातांनीं दोन चात्यांवर सूत काढावयाचा मगन चरखा, जो प्रभुदास गांधींनीं रचून मगनलालांचें नांव त्यास दिलें. १९२९ सालीं चरखा-संघानें अधिक सूत देणाऱ्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस लावलें होतें. यंत्राची किंमत दीडशे रुपयांवर जातां कामा नये, तें खेड्यांतल्या झोपडींत चालावें व बाईमाणसास न थकतां फिरवितां यावें, अशा अटी होत्या. बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. पुढें १९५० नंतर तामिळनाडूंतील एकांबरनाथ यांनीं अनेक चात्यांचा अंबर चरखा काढला, तेव्हां कोठें त्या अटींच्या जवळ जाणारें साधन हाताला आलें. आज खादीचें पुष्कळसें सूत अशाच अनेक-चाती चरख्यांवर निघतें.

खादी महाग कां, असें शहरांतील गृहिणी विचारते. तिचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर एका कागदावर मांडतां येतें. एक वार पन्ह्याचें, इंचास चाळीस उभे व चाळीस आडवे धागे असलेलें साधें कापड घ्या. पन्हा ३६ इंचांचा, म्हणून उभे धागे १४४०. एक वार लांबीच्या कापडांत त्यांचें सूत १४४० वार. आडवे धागेही तितकेच, तेव्हां आणखी १४४० वार. एका वार कापडास एकंदर २८८० वार सूत लागलें. एका चातीच्या चरख्यावर तासास ४०० वार काढणारा हात सराईत समजावा. म्हणजे नुसत्या कांतण्यास सात तासांवर वेळ गेला. पिंजणें, पेळू करणें, ताणा भरणें, विणणें, धुणें हें सारें वेगळें. त्या कापडाचा भाव ऐकून जो मनुष्य नाक मुरडतो, त्यानें सात तासांच्या मजुरीचा आंकडा मनांत आणावा. अनेक-चाती चरख्यानें हा वेळ उतरतो, पण शून्य होत नाहीं. स्वस्त कापडांत हे तास नसतात असें नाहीं. ते यंत्रानें, कोळशानें आणि कोठें तरी कोणाच्या अपुऱ्या वेतनानें भरलेले असतात.

कापसापाठोपाठ तेलाचा घाणा. लांकडाच्या उखळांत लाट फिरते, तिला जोडलेल्या पट्टीस बैल ओढतो, आणि बी दळून तेल पाझरतें, ही रचना शेंकडों वर्षांची. मगनवाडींत झवेरभाई पटेल यांनीं तीत बारकाईनें फेरफार केले; उखळाचा आकार, लाटेचा कल व ओझ्याची जागा पालटून एका वेळीं अधिक बी घेतां येईल व बैलावरचा ताण कमी होईल अशी व्यवस्था केली. ‘मगनवाडी घाणी’ हें नांव त्यानंतर देशभर गेलें. याच खटपटींतून मगन-दीप निघाला. राकेलाचा कंदील गांवोगांव पसरल्यामुळें तेलासाठीं पैसा परदेशीं जातो, तेव्हां गांवांतल्या करडीच्या किंवा रानांतल्या बियांच्या तेलावर स्वच्छ जळेल असा दिवा हवा, हा त्यामागील विचार. विजेच्या प्रकाशांत वाढलेल्या पिढीस तो दिवा खेळणें वाटेल. परंतु त्याच ओळींतली मगन-चूल पाहावी. धूर नळीवाटे बाहेर नेणारी मातीची चूल, ही गोष्ट ज्या स्त्रीनें चार दशकें ओल्या पळाट्या फुंकून डोळे लाल केले, तिला खेळणें वाटणार नाहीं.

हातकागदाचें काम मगनवाडींत जोरांत चाले. चिंध्या, रद्दी, ताग, केळीचें खुंट असें जें जें टाकाऊ, तें कुटून त्याचा लगदा हौदांत पाण्यांत कालवावयाचा. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी त्यांत बुडवून आडवी उचलावयाची, कीं पाणी गळून जातें व तंतूंचा पातळ थर जाळीवर उरतो. तोच कागद. तो दाबून, वाळवून, गारगोटीनें घोटला म्हणजे शाई फुटत नाहीं. समरकंदजवळ कोनिगिल गांवीं अशाच पद्धतीनें तुतीच्या सालीचा कागद पाण्याच्या चाकानें कुटून करतात. तेथील परंपरा आठव्या शतकापर्यंत मागें नेली जाते, पण मध्यंतरीं ती पार बुडाली होती आणि सोव्हिएत राज्य गेल्यानंतर कारागिरांनीं ती नव्यानें उभारली. महाराष्ट्रांत दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यांत हा धंदा मध्ययुगापासून आहे, आणि पुण्यास १९४० सालीं के. बी. जोशी यांच्या खटपटीनें हातकागदाची संस्था सुरू झाली. बुडालेला धंदा जेथें पुन्हां उभा राहिला तेथें पाहावें तों एक गोष्ट सारखी आढळते. कोणी तरी माणूस जुन्या कागदाचा तुकडा हातांत घेऊन, तो कसा केला असेल, याचा वर्षानुवर्षें छडा लावीत बसलेला असतो. संग्रहालय अशा माणसास नमुना पुरवितें. बाकीचें त्यानेंच करावयाचें.

चामड्याचा विषय सहसा पाहुणे टाळतात. तो टाळूं नये. वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकर यांनीं मेलेल्या जनावरांचीं कातडीं कमावण्याचें चर्मालय चालविलें. ज्या कामास जन्माचा विटाळ चिकटविला होता, तें काम ब्राह्मण कार्यकर्ता शिकून करूं लागतो, यांत वर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचें थोडें उत्तर आहे. थोडें म्हणण्याचें कारण असें कीं, ज्यास तें काम सोडून जावयाचें होतें, त्याच्यासाठीं दार तेवढ्यानें उघडत नाहीं. त्यास शाळा लागते, जमीन लागते, शहर लागतें. ग्रामोद्योगाच्या चळवळीनें या बाजूस पुरेसें लक्ष दिलें नाहीं, असाच निर्वाळा द्यावा लागेल.

१९४२ च्या चळवळीनंतर कुमारप्पा तुरुंगांत गेले. ‘स्थायी अर्थव्यवस्था’ हा त्यांचा विचार मांडणारा इंग्रजी ग्रंथ त्यांनीं तेथेंच लिहिला व तो १९४५ सालीं बाहेर आला. स्वातंत्र्यानंतर सरकारनें खादी-ग्रामोद्योगासाठीं मंडळें नेमलीं, मगनवाडींत जमनालालजींच्या नांवें ग्रामोद्योगाची मध्यवर्ती संशोधन-संस्था निघाली, आणि तीच पुढें महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था झाली. संग्रहालयाचा कारभार मात्र वेगळ्या समितीकडे राहिला, आणि तिनें केवळ जुनीं अवजारें पुसून ठेवण्यापुरतें काम मर्यादित केलें नाहीं. रासायनिक खतावांचून पिकविलेला कापूस घेऊन त्याचें सूत काढणें, कापड विणणें आणि वनस्पतींच्या रंगांत तें रंगविणें हें काम तेथें चालतें, व तयार माल तेथेंच विकतात.

रंगाचें काम पाहण्यासारखें असतें. सुती धागा रंग सहजासहजीं धरीत नाहीं. आधीं हिरड्याच्या पाण्यांत, मग तुरटींत तो मुरवावा लागतो, म्हणजे मंजिष्ठेचा तांबडा किंवा डाळिंबसालीचा पिवळा त्यावर पक्का बसतो. निळीची तऱ्हा न्यारी. हौदांतून बाहेर काढतांना कापड हिरवट दिसतें आणि वारा लागतां लागतां पाहणाऱ्याच्या देखत निळें होतें. मध्यप्रांत-वऱ्हाडांत एके काळीं आल नांवाच्या झाडाच्या मुळ्यांपासून तांबडा रंग काढीत व त्यावर कित्येक कुटुंबें जगत. १८६९ च्या सुमारास जर्मनींत डांबरापासून तांबडा रंग प्रयोगशाळेंत सिद्ध झाला आणि थोडक्याच वर्षांत आलाचीं शेतें मोडलीं. रंगाऱ्याचा हात चुकला म्हणून त्याचा धंदा गेला नाहीं; दूरच्या शहरांतल्या एका बाटलीनें तो नेला.

समरकंदच्या बाजाराशीं वर्ध्याची तुलना केली तर एक भेद ठळक दिसतो. तिकडे कारागिराचें गिऱ्हाईक मुख्यतः प्रवासी आहे. प्रवासी लहान, हलकी, आठवण म्हणून नेण्याजोगी वस्तु मागतो, आणि हळूहळू कारागीरही तेवढेंच करूं लागतो. मोठा गालिचा मागें पडतो, रुमाल पुढें येतो. मगन-संग्रहालयांतील कापड अंगावर घालावयाचें आहे. त्याचें गिऱ्हाईक पाहुणा नसून नेसणारा आहे, आणि नेसणाऱ्यानें पुन्हां पुन्हां घेतलें तरच माग चालतो. समरकंदापेक्षां ही वाट अवघड आहे, कारण दरवर्षीं नवे प्रवासी येतात, पण तोच कुटुंबकर्ता दरवर्षीं खादीच घेईल याची हमी नाहीं.

मात्र कापसाच्या बाबतींत उझबेकिस्तानापासून वऱ्हाडानें घ्यावा असा एक धडा आहे, आणि तो उद्यानांत दिसत नाहीं. सोव्हिएत काळांत त्या देशावर कापसाचें एकच पीक लादलें गेलें. अमू व सीर या दोन नद्यांचें पाणी शेतांकडे वळविल्यानें १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला, आणि कापूस वेचण्यासाठीं विद्यार्थी-शिक्षकांना शेतांत जुंपण्याची पद्धति पुढेंही कित्येक वर्षें चालूं राहिली. जगांतील कापड-व्यापाऱ्यांनीं त्या कापसावर टाकलेला बहिष्कार २०२२ सालीं उठला. त्याच सुमारास त्या सरकारनें कच्चा कापूस बाहेर न धाडतां सूत व कापड करूनच धाडावें असें धोरण धरलें. वऱ्हाडांत २००२ नंतर नव्या संकरित बियाण्यानें पीक वाढलें, तसा बियाण्याचा, औषधांचा व कर्जाचा खर्चही वाढला; कोरडवाहू जमिनीवरील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं अमरावती-यवतमाळचीं नांवें देशभर पोहोंचलीं. पुलगांवची जुनी कापडगिरणी बंद पडली. आर्वीकडचा कापूस आणणारी पुलगांवची अरुंद रुळांची गाडी थांबली. इतकें होऊनही रुईच्या गांठी बाहेर जाण्याचा क्रम तसाच आहे.

एक संग्रहालय हा क्रम मोडूं शकत नाहीं, आणि कुमारप्पांसारख्या हिशेबी माणसानें तशी आशा धरली असेल असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, माल जेथें पिकतो तेथेंच त्याची पुढची एक पायरी तरी चढवावी. सरकी गांवांत राहिली तर गुरांस चारा व शेतास खत, सूत गांवांत निघालें तर शेतीचीं कामें नसलेल्या चार महिन्यांत घरांत दोन पैसे. यांतील प्रत्येक पायरीचें अवजार मगनवाडींत आहे, चालतें आहे, आणि तें हाताळून पाहण्यास वर्ध्याचें एक तिकीट पुरतें. चांदूर, धामणगांव, पुलगांव या टापूंतील शाळांनीं मुलांस सेवाग्रामास नेतांना अर्धा दिवस येथें काढावा. मुलास टकळी हातीं द्यावी. पहिल्या प्रयत्नांत सूत तुटतें, दुसऱ्यांत गांठाळ निघतें, आणि तासाभरानें जो हातभर धागा निघतो, तो मूल बहुधा खिशांत घालून घरीं नेतें.